माझ्या बापाची बनियन फाटकी नव्हती

अण्णांच्या दहाव्याला सहा भाषणं झाली.

आमच्या जुन्नर भागात दशक्रियेला भाषणं होतात, हे बाकीच्या महाराष्ट्राला सांगायला हवं. कुकडीच्या काठी मंडप पडतो, महाराजांचं प्रवचन होतं, आणि एकीकडे घरचे पुरुष पिंडाला कावळा शिवायची वाट बघत असताना दुसरीकडे माईक पुढाऱ्यांच्या हातात जातो. सोसायटीचे चेअरमन, दोन माजी सरपंच, दोन पक्षांचे दोन तालुक्याचे पदाधिकारी, आणि पुढे आणखी तीन दहावे गाठायचे असल्यामुळे मधूनच येऊन मधूनच गेलेले एक मोठे साहेब.

सहाही जण एकच बोलले. हलाखीची परिस्थिती, एसटीची खडतर नोकरी, पोटाला चिमटा काढून लेकरांची शिक्षणं, आयुष्यभर दुसऱ्यांसाठी झिजणं. दोघांच्या बोलण्यात चंदन आलं. साहेबांनी अण्णांना 'ड्रायव्हर' म्हटलं, ते कुणी दुरुस्त केलं नाही. मी बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसले होते. मुलीच्या हातात माईक द्यायची पद्धत आमच्याकडे अजून आलेली नाही, म्हणून मला जे बोलायचं होतं ते इथे लिहिते आहे.

अण्णा झिजले नाहीत. अण्णा कंडक्टर होते. १९७९ ते २०१२, तेहतीस वर्षं. आणि चांगले कंडक्टर होते.

या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो फरक आपल्याला दिसेनासा झाला आहे. दर जूनमध्ये फादर्स डे येतो आणि माझ्या फोनवर तीच चित्रं येऊन पडतात. फाटक्या बनियनमधला बाप, टाचा झिजलेल्या चपलेतला बाप, डोळ्यांतलं पाणी लपवणारा बाप. पाठवणाऱ्यांच्या भावना खऱ्या असतील. पण त्या चित्रातला बाप काय काम करतो, ते कधीच कळत नाही. तो फक्त कष्ट करतो. कसले कष्ट, कसे, त्यात त्याला काय जमायचं, काय जमायचं नाही, कशाची ऐट होती, याचा पत्ता नाही.

माझ्या बापाची बनियन फाटकी नव्हती. दर दिवाळीला नारायणगावच्या बाजारातून दोन नव्या यायच्या. भोक पडलेली बनियन अण्णा घालत नसत, कारण दांडीला हात लावायला बाही वर गेली की आतलं सगळं सीटवरच्या माणसाला दिसतं. खाकी शर्टाला ते स्वतः इस्त्री करायचे, कोळशाच्या पितळी इस्त्रीने. आईने केलेली त्यांना पसंत पडत नसे. बूटही झिजलेले नव्हते, त्यांचे तळवे मुद्दाम जाड रबराचे लावून घेतलेले असत. पैशाची ओढाताण होती, नाही असं नाही. तीन एकर कोरडवाहू, आजीचं आजारपण, धाकट्या आत्याचं लग्न. पण तशी ती आमच्या आळीत सगळ्यांच्याच घरी होती. सगळ्यांकडे सारखं होतं ते सांगून एका माणसाची ओळख कशी होणार?

आता कामाचं सांगते, कारण दहाव्याला ते कुणी सांगितलं नाही.

कंडक्टरच्या हातात तेव्हा तिकिटांचा पत्र्याचा ट्रे असायचा. त्यात वेगवेगळ्या किमतींचे गठ्ठे. एका प्रवासाला एकच तिकीट असं नसे, दोन-तीन किमतींची तिकिटं जोडून भाडं भरायचं. भाडं टप्प्यांवर, टप्पा सहा किलोमीटरचा. समजा तीन फुल, एक हाफ, फुलचं भाडं साडेसहा रुपये. झाले पावणेतेवीस. समोरून पन्नासची नोट. परत सव्वासत्तावीस. एवढं कुणालाही येईल. पण गाडी वळणावर आहे, डाव्या खांद्याला चामड्याची बॅग आहे, मागून कुणीतरी 'मास्तर, आपटाळं गेलं का?' विचारतंय, आणि हे पावणेतेवीस कुठल्या गठ्ठ्यांतून फाडायचे हेही ठरवायचं आहे. म्हणजे असं, की संध्याकाळच्या शेवटच्या फेरीला एकाच किमतीची तिकिटं संपून खोळंबा व्हायला नको. अण्णांना सकाळी सातलाच संध्याकाळचा गठ्ठा दिसायचा. मी बँकेत रोखपाल आहे. आमच्याकडे याला 'कॅश मॅनेजमेंट' म्हणतात आणि त्याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण असतं, जेवणासकट.

नोटा उभ्या दुमडून बोटांच्या बेचक्यात. दहाच्या एका बेचक्यात, वीसच्या दुसऱ्या, पन्नासच्या तिसऱ्या. हे मला त्यांनी नवव्या वर्षी शिकवलं, जुन्या कॅलेंडरचे कागद कापून. नोट डोळ्यांनी बघायची नाही, बोटाला विचारायचं. बँकेत मी नोट तशी दुमडली तर साहेब ओरडतील, पण गड्डी हातात आली की अजूनही माझी बोटं आधी फाकतात.

प्रत्येक टप्प्याला वेबिल भरायचं. कुठल्या गठ्ठ्याचं शेवटचं तिकीट कितव्या नंबरचं फाटलं, ते एकेक लिहायचं, चालत्या गाडीत. अण्णांचं चालत्या गाडीतलं अक्षर मोत्यासारखं होतं. घरी टेबलावर मात्र तिरकं यायचं. शाळेच्या दाखल्यावर, रेशनच्या अर्जावर काही लिहायचं असलं की ते नकळत गुडघा हलवायला लागायचे आणि मग अक्षर सरळ व्हायचं. आम्ही दोघं भावंडं यावरून पोट धरून हसायचो.

आणि उभं राहणं. दोन्ही हात कामात, धरायला काही नाही, कंबर सीटच्या कडेला टेकवलेली. जुन्नरहून आपटाळ्याच्या पुढे चावंडचा किल्ला मागे टाकून नाणेघाटाकडे जो रस्ता जातो, त्याचं प्रत्येक वळण त्यांच्या कमरेला पाठ होतं. वळण यायच्या आधी ते दुसऱ्या बाजूला झुकलेले असायचे. लहानपणी मला वाटायचं, अण्णा झुकतात म्हणून गाडी वळते.

याच रस्त्यावर त्यांनी सगळ्यात जास्त मुक्काम काढले. मुक्कामाची गाडी म्हणजे काय, हे आता शहरात वाढलेल्या मुलांना सांगावं लागतं. संध्याकाळी शेवटची गाडी डोंगरातल्या गावाला जायची, चालक-वाहक रात्री तिथेच राहायचे आणि पहाटे तीच गाडी पहिली म्हणून निघायची. शाळेची पोरं, दवाखान्याचं माणूस, कचेरीत काम असलेला, बाजाराला निघालेल्या महादेव कोळी बाया, हिरड्याच्या हंगामात हिरड्याची पोती. पोत्याचं लगेज लावायला अण्णांना काटा लागत नसे. बुटाच्या टोकाने पोतं जरासं ढकलून बघायचे आणि वजन सांगायचे. कुणी हुज्जत घातली, की 'चला, जुन्नरला काट्यावर ठेवू' म्हणायचे. काट्यापर्यंत कुणी गेल्याचं मला ठाऊक नाही.

पहाटे ड्रायव्हरमामा हॉर्न द्यायचे, एक गावासाठी आणि एक वरच्या वाडीसाठी. मग खरी परीक्षा. गाडी सुटायची वेळ झालेली आणि लांब बांधावर बॅटरी हलतेय. 'मास्तर, पोरगी येतेय, थांबा.' थांबायचं की डबल बेल द्यायची? भाषणांत असा प्रसंग आला तर प्रेमळ कंडक्टर थांबतो आणि कहाणी संपते. अण्णांचा हिशोब निराळा होता. गाडीत चाळीस माणसं बसलीत, दोन मिनिटं थांबलो तर ऐंशी मिनिटं खर्च झाली. तेवढी आज परवडतात का? जुन्नरला पुण्याची गाडी गाठायची असलेले कितीजण आहेत? पुढे एक मिनिट कुठे भरून निघेल? बॅटरी आंब्याच्या पलीकडे असली तर बेल, अलीकडे आली असली तर थांबायचं. आंबा ही त्यांची हद्द होती आणि ती वाडीतल्या पोरांनाही माहीत होती. माझ्या ऐकण्यात एकदा त्यांनी आंब्याच्या पलीकडच्या बाईला सोडून बेल दिली आणि ती बाई पुढे दोन वर्षं त्यांच्याशी बोलली नाही. तिकीट काढायची, बोलायची नाही. 'तिचं बरोबर होतं, माझंही बरोबर होतं,' एवढंच ते म्हणायचे.

हाफ तिकिटाचं वय पाच ते बारा. पाच वर्षांच्या आतलं लेकरू फुकट. त्यामुळे एसटीत चार वर्षांची मुलं फार, आणि त्यांतली बरीचशी दुसरीत शिकणारी. अण्णा आईला वय विचारत नसत. लेकराकडे बघून काहीतरी वेडावायचे. लेकरू हसलं की पुढचे दात दिसायचे. दुधाचे दात पडून फट पडली असेल तर निमूट हाफ फाडायचे. आई फणफणायची, पण फटीपुढे बोलणार काय!

आता अण्णांच्या चुकीचं सांगते. १९८६ साली, म्हणजे नोकरीच्या सातव्या वर्षी, त्यांच्यावर केस झाली. गच्च भरलेली यात्रेची गाडी, रस्त्यात चेकिंग चढलं, आणि शेवटच्या सीटखाली झोपलेलं एक तेरा-चौदा वर्षांचं पोरगं विनातिकीट सापडलं. दंड झाला, कागदावर शेरा बसला. आई म्हणायची, पैशाचं त्यांना काही वाटलं नाही. सुटलं कसं, हेच दोन महिने खात होतं. त्यानंतर त्यांनी माणसांचे चेहरे बघणं सोडून दिलं. चेहरे खिडकीबाहेर वळतात, पदराआड जातात, झोपेचं सोंग घेतात. पाय जागेवर असतात. चपला, बूट, अनवाणी, जोडवी, पैंजण, भेगा. ते मागून पुढे पाय मोजत यायचे आणि किती जणांचं तिकीट झालं, किती राहिलं, ते पायांवरून सांगायचे. रस्त्यात कुणी 'काय मास्तर, ओळखलं का?' म्हणालं की त्यांची नजर आधी खाली जायची. माझ्या होणाऱ्या नवऱ्याला बघायला आले तेव्हा मुलाकडच्यांना वाटलं, मुलीचे वडील फारच लाजाळू आहेत.

गर्दी पुढे सरकवायची हीसुद्धा एक कला. दाराशी तीन धट्टेकट्टे उभे राहिले की गाडी तिथेच तुंबते. 'पुढे सरका, पुढे मोकळं आहे' हे घसा फोडून सांगण्यात अर्थ नसतो. अण्णा त्यांतल्या सगळ्यात दांडगटाला अदबीने म्हणायचे, 'दादा, या आजींची पिशवी तेवढी पुढे पोचती करा.' तो गेला की बाकीचे आपोआप मागोमाग.

कॉलेजच्या पोरांचे डबे यायचे गावाहून. कापडी पिशवी, त्यावर मार्करने नाव. ते ट्रेच्या शेजारी, कंडक्टरच्या सीटखाली. कोरडे आडवे चालतील, कालवणाचे उभे. डबा हलवून आवाजावरून आत काय आहे ते ओळखायचे. एखाद्या आईने आठवडाभर नुसती चटणी-भाकरी पाठवली की त्या घरी काहीतरी अडचण आहे, हे गावाआधी त्यांना कळायचं. त्यावर ते काही करायचे, असं नाही. कळायचं एवढंच.

आणि सुटे पैसे. सुटे नसले की तिकिटाच्या मागे बाकी लिहून द्यायची रीत आहे. काही लोक विसरून उतरतात. आता गंमत अशी, की कंडक्टरच्या बॅगेत पैसे कमी भरले तर गुन्हा, आणि जास्त भरले तरी संशय. ड्यूटीवर चढताना स्वतःच्या खिशात किती आहेत तेही लिहून द्यावं लागतं. त्यामुळे विसरलेल्या माणसाचे तीन रुपये अण्णा रात्री डेपोत जास्तीची रक्कम म्हणून भरून टाकायचे. महिनाभराने एखादी म्हातारी चंचीतून पानाला चिकटलेलं, चुन्याने डागाळलेलं तिकीट काढायची. मागे त्यांच्याच हातचा तीनचा आकडा. मग ते स्वतःच्या खिशातून तीन रुपये द्यायचे. आईचं डोकं फिरायचं. यात थोरपणा काही नव्हता. आपल्या अक्षराचा त्यांना अभिमान होता आणि त्या अक्षरात लिहिलेलं खोटं पडू द्यायचं नव्हतं, इतकंच.

हे सगळं मी अण्णा गेले त्या आठवड्यात एका वर्तमानपत्राच्या तालुका पानासाठी लिहून दिलं होतं. अर्धा कागद. छापून आलं ते असं, की एसटीचे निवृत्त कर्मचारी अल्पशा आजाराने वारले, ते मनमिळाऊ व कष्टाळू स्वभावाचे होते, त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगा, मुलगी, सून, जावई, नातवंडे असा परिवार आहे. मनमिळाऊ! त्या आंब्याच्या पलीकडच्या बाईला विचारा.

जागेची अडचण मला समजते. पण त्याच पानावर एका निवृत्त डॉक्टरांची बातमी होती आणि त्यांच्या हाताला गुण होता, निदान अचूक असायचं, हे तिथे सविस्तर होतं. गवई गेला तर त्याच्या गळ्याबद्दल लिहितात, त्याने तरुणपणी काय हाल सोसले ते नंतर येतं. शिक्षक गेला तर तो शिकवायचा कसा, हे विद्यार्थी लिहितात. मग कंडक्टर, पाटकरी, गवंडी, वायरमन, दाई गेली की एकदम फक्त घामच का आठवतो? मला वाटतं, या कामात काही येत असावं लागतं हेच आपण मनातून मानत नाही. ज्याला दुसरं काही जमलं नाही तो हे करतो, असा आपला पक्का समज आहे. मग त्याचा गौरव करायचा तर एकच वाट उरते, त्याने किती सोसलं ते सांगायची. ऐकायला बरं वाटतं आणि बोलणाऱ्याला त्या कामाबद्दल काही ठाऊक असायची गरज पडत नाही.

कंडक्टरला लायसन लागतं, हे किती जणांना माहीत आहे? १९८८च्या मोटार वाहन कायद्यात ड्रायव्हरच्या लायसनचं प्रकरण संपलं की पुढचं, तिसरं प्रकरण कंडक्टरच्या लायसनचं आहे. छातीवरचा बिल्ला ही शोभेची वस्तू नव्हे. अण्णांना हे फार सांगायचं असायचं. तसंच १ जून १९४८चं. त्या दिवशी पुणे-नगर अशी पहिली एसटी धावली, ड्रायव्हर किसन राऊत आणि कंडक्टर लक्ष्मण केवटे. ही दोन नावं अण्णा जोडीने घ्यायचे, आणि कुणी फक्त ड्रायव्हरचं घेतलं की लगेच दुसरं पुरं करायचे. एसटी त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी, म्हणून तिला ते थोरली बहीण म्हणायचे. दहाव्याला साहेबांनी 'ड्रायव्हर' म्हटलं तेव्हा मला त्यांचा चेहरा दिसला.

मी गेलेल्या दिवसांची आरती ओवाळते आहे, असं कुणाला वाटेल. तसं नाही. निवृत्तीच्या दोन-तीन वर्षं आधी तिकिटाची यंत्रं आली. बरोबरीचे काहीजण कुरकुरले. अण्णांनी आठ दिवसांत यंत्र आत्मसात केलं आणि म्हणाले, 'बरं झालं, डोकं रिकामं झालं, आता माणसांकडे बघता येतं.' बेरीज यंत्राने घेतली. दात बघणं, पाय बघणं, आंब्यापर्यंतचं अंतर मोजणं, दांडगटाला पिशवी देणं, यातलं काही यंत्राने मागितलं नाही. आजही विनावाहक गाड्या धावतात, मोठ्या शहरांमधल्या, मध्ये न थांबणाऱ्या. तिकीट स्टँडवरच काढायचं, गाडी थेट मुक्कामाला. तिथे कंडक्टर नसला तर फारसं बिघडत नाही, हे अण्णाही मान्य करायचे. पण कंडक्टर म्हणजे तिकीट फाडणारा हात, एवढंच आपण समजत राहिलो, तर उद्या डोंगरातल्या गाडीतूनही तो हात काढून टाकणं सोपं जाईल. पहाटे बांधावर हलणाऱ्या बॅटरीसाठी किती थांबायचं, हे मग गाडीत कोण ठरवणार? या कामाच्या कौशल्याबद्दल बोलायला हवं ते यासाठीही. झिजणाऱ्या माणसाबद्दल हळहळता येतं. त्याच्या जागी दुसरं काही ठेवताना मात्र त्याला काय काय येत होतं, याची यादी हाताशी लागते. ती कुणी लिहूनच ठेवत नाही.

आणखी एक गोष्ट फॉरवर्डमधल्या बापाच्या विरुद्ध जाते, ती सांगायला हवी. अण्णा हे सगळं आमच्यासाठी करत नव्हते. पगार आमच्यासाठी होता. काम त्यांचं स्वतःचं होतं. माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी सुट्टी मिळत असताना ते मुक्कामाला गेले, कारण त्या दिवशी वर बाजाराची गर्दी असते आणि बदली कंडक्टर नवखा होता. मी बरीच वर्षं तो राग धरून होते. एकदा जेवताना ते सहज म्हणाले होते, 'मुक्कामाला जशी झोप लागते तशी घरी लागत नाही.' पावसाळ्यात पाणी ठिबकणाऱ्या गाडीत, पैशाची बॅग उशाला घेऊन, तीन माणसांच्या सीटवर पाय दुमडून. आईने त्यांच्यापुढचं ताट उचललं नाही, पण दोन दिवस वाढलंही नाही. सुट्टीच्या दिवशी ते घरात असले की आम्हालाच चुकल्यासारखं व्हायचं. चिडचिडायचे, दुधाच्या हिशोबात चार आणे सापडेपर्यंत कुणाला जेवू द्यायचे नाहीत. मला हा माणूस चंदनाच्या खोडापेक्षा जास्त आवडतो. त्याला त्याची ड्यूटी आवडत होती, आणि त्या आवडीत आम्ही बसत नव्हतो. लहानपणी हे लागायचं. आता वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, महिनाअखेरीला कॅश पैशाला पैसा जुळली की मला जो आनंद होतो त्यात माझा नवरा आणि मुलगीही बसत नाहीत, हे मला माहीत आहे.

तेराव्यानंतर मी जुन्नरहून पुण्याची गाडी धरली. वाहक बाई होत्या, पंचविशी-तिशीच्या. अण्णांच्या उमेदीच्या काळात ही कल्पनाही नव्हती. मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट झाल्यावर गाड्यांना बायकांची गर्दी वाढली आहे, आणि पंच्याहत्तरीच्या पुढचे तर २०२२पासून फुकट. दाराशी तीन पोरं अडून उभी होती. नारायणगावला आणखी माणसं चढली. बाई यंत्र घेऊन मागून पुढे निघाल्या. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होते. चेहऱ्यांवरच होते. मंचर येईस्तोवर दोन जणांना त्यांनी पुन्हा पुन्हा तिकीट विचारलं, आणि एक डुलकी घेणारा माणूस तसाच राहिला. त्याच्या पायात हिरव्या पट्ट्याची स्लीपर होती. मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने त्यांनाच शंका आली, त्या परत मागे गेल्या आणि त्याला उठवून तिकीट दिलं. नवीन होत्या. येईल हाताला.

बाकीचे मोबाईलवरून पैसे देत होते. मी रोखपाल आहे, रोखच देते. त्यांच्याकडे सुटे नव्हते. त्यांनी तिकीट उलटं करून मागे पेनने २० लिहिलं. गाडी खेडच्या अलीकडच्या खड्ड्यांतून चालली होती आणि आकडा पार वाकडा आला.

नाशिक फाट्याला उतरायचं होतं. भोसरीपासूनच गर्दी दाटली, बाई पार पुढे ड्रायव्हरजवळ, मी मागच्या दाराशी. शेजारची म्हणाली, जाऊ द्या ना ताई, वीसच तर आहेत. मलाही क्षणभर तसं वाटलं. आजच्या दिवशी कुणा कंडक्टरकडून वीस रुपये काय मागायचे!

पण मग रात्री डेपोत त्यांची बॅग वीस रुपयांनी जास्त भरली असती. मी पिशवी डोक्यावर घेतली, पुढे सरका, पुढे मोकळं आहे म्हणत त्यांच्यापर्यंत पोचले आणि तिकीट पुढे केलं. त्यांनी दहाच्या दोन नोटा दिल्या. तिकिटाच्या मागचा आकडा मी त्यांच्याच पेनने, त्यांच्यासमोर खोडला.